सल्ला हवा : अपराध्याला स्वतः शिक्षा करणाऱ्या स्त्रियांचे, कमी खर्चातले भयविनोदी चित्रपट

मांजराकाठ (लातूर जिल्हा) :

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी बचत गटातल्या महिला आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली अशा आम्ही काही जणी दर महिन्याला एकत्र बसून एक चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलतो. या वेळी मुलींनी भुताच्या चित्रपटाचा आग्रह धरला आहे. वयाने मोठ्या महिलांचे म्हणणे असे की, भीती वाटली तरी चालेल, पण पोटभर हसताही आले पाहिजे. बोलता बोलता आणखी एक अपेक्षा पुढे आली आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते : जिच्यावर अन्याय झाला, किंवा जिने तो दुसरीवर होताना पाहिला, तीच शेवटी अपराध्याला गाठते आणि शासन करते, अशी गोष्ट असावी. पोलीस, पंच, घरचे लोक या सर्वांनी पाठ फिरवल्यावर उभी राहणारी बाई हवी, मग ती जिवंत असो की हडळ.

चित्रपट कमी खर्चात झालेला असावा, कारण दिवाळीच्या सुट्टीत मुलींना मोबाइलवर स्वतःचा लघुपट करायचा आहे आणि हाताशी काही नसताना भीती कशी उभी करतात, हे त्यांना पाहायचे आहे. बाईवरच्या अत्याचाराचे दृश्य लांबवून, चवीने दाखवणारे चित्रपट मात्र कृपया सुचवू नयेत. सूडाच्या गोष्टीत पहिला तासभर बाईची विटंबना दाखवायची आणि शेवटची पंधरा मिनिटे तिच्या हाती कोयता द्यायचा, ही रीत आम्हाला नको आहे.

फडकरी (बीड जिल्हा) :

ताई, सुरुवात ‘स्त्री’पासूनच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. 2018 चा हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल, तरी या अपेक्षा मनात ठेवून तो पुन्हा पाहण्यासारखा आहे. दिग्दर्शक अमर कौशिक यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट असून लेखन राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. यांचे आहे. गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरी गावात घडते, पण तिचे बीज कर्नाटकातल्या ‘नाळे बा’ या लोककथेत आहे, जिथे रात्री दार ठोठावणाऱ्या भुताला परतवण्यासाठी लोक भिंतीवर ‘उद्या ये’ असे लिहून ठेवत असत. चित्रपटातले भूत फक्त पुरुषांना उचलते. त्यामुळे अंधार पडला की एरवी बायकांना पाळावे लागणारे सगळे नियम गावातल्या पुरुषांना पाळावे लागतात : एकट्याने बाहेर पडायचे नाही, कोणी हाक मारली तर वळून पाहायचे नाही, घरी असाल तर दार लावून बसायचे.

माझ्या मते आपल्या धाग्याची खरी कसोटी इथेच आहे. भयविनोदी चित्रपट पाहताना हसू कोणावर येते, एवढे एकच पाहावे. बाईच्या किंचाळण्यावर, तिच्या अंगात येण्यावर किंवा तिच्या उलट्या पावलांवर हसवले जात असेल, तर तो चित्रपट बाईच्या बाजूचा नाही. ‘स्त्री’मध्ये आपण हसतो ते घाबरलेल्या पुरुषांवर, त्यांच्या पोकळ मर्दुमकीवर आणि एकमेकांना धीर देताना उडणाऱ्या त्यांच्या भंबेरीवर. ती स्वतः मात्र हास्यास्पद होत नाही आणि तिच्यावर काय अन्याय झाला होता हे कळते, तेव्हा प्रेक्षक गंभीर होतो.

लघुपट करणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवावी. ती पुरुषाला नेते तेव्हा त्याचे कपडे तेवढे मागे पडलेले दिसतात. रस्त्यावर पडलेला सदरा आणि विजार दाखवायला काहीच खर्च येत नाही, पण अंगावर काटा येतो आणि दुसऱ्याच क्षणी हसूही येते. ‘स्त्री 2’ (2024) मध्ये खर्च आणि देखावा दोन्ही पुष्कळ वाढले आहेत. मनोरंजन म्हणून तो जरूर पाहावा, पण आपल्या कामाचा पहिलाच आहे.

काठावरचा प्रेक्षक (हिंगोली) :

दक्षिणेकडे या प्रकाराची मोठी परंपरा आहे. राघव लॉरेन्स यांचा तमिळ ‘कांचना’ (2011) पाहावा. त्यातला नायक भुताच्या नुसत्या नावाने आईच्या पदराआड लपतो आणि त्याच्याच अंगात कांचना या तृतीयपंथी स्त्रीचे भूत शिरते. तिची जमीन बळकावून तिचा खून करणाऱ्यांना ती नायकाच्या देहातून शिक्षा करते. आईच्या भूमिकेतल्या कोवै सरला यांच्यासाठी तरी तो पाहावाच. मल्याळम भाषेतला ‘लोका’ (2025) हाही दिग्दर्शक डॉमिनिक अरुण यांनी तुलनेने आटोपशीर खर्चात केलेला चित्रपट आहे. केरळच्या दंतकथेतली कळ्ळियंकाट्टु नीली ही यक्षी आजच्या बंगळूर शहरात चंद्रा या नावाने राहते आणि दुबळ्यांना लुबाडणाऱ्यांचा समाचार घेते. समोरच्या इमारतीतले तिचे तरुण शेजारी विनोदाची बाजू सांभाळतात. तो हिंदीतही उपलब्ध आहे.

आदित्य सरपोतदार यांचे ‘झोंबिवली’ आणि ‘मुंज्या’ मी जाणीवपूर्वक सुचवत नाही. दोन्ही चांगले आहेत, पण बाईने हिशेब चुकता करण्याची गोष्ट त्यांत नाही.

रात्रीचा खेळ (नांदेड) :

‘कांचना’बद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. कांचनाची पूर्वकथा शरत्कुमार यांनी विलक्षण सन्मानाने उभी केली आहे, हे निर्विवाद. परंतु त्याआधी नायकाच्या बदललेल्या चालण्याबोलण्यावर जो विनोद होतो, तो वर फडकरी यांनी सांगितलेल्या कसोटीला उतरत नाही. आपल्या मुली हा फरक नक्की ओळखतील, म्हणून दाखवायचा झाल्यास नंतरच्या चर्चेला पुरेसा वेळ ठेवावा.

बाहेरच्या देशांतल्या चित्रपटांविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण खरोखर तुटपुंज्या साधनांत केलेले उत्तम नमुने तिथे आहेत. ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट’ (2014) हा ॲना लिली अमीरपूर यांचा कृष्णधवल चित्रपट फारसी भाषेत आहे. तो घडतो एका काल्पनिक इराणी गावात, पण त्याचे चित्रीकरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात झाले. काळी चादर पांघरलेली एक तरुणी रात्री ओसाड रस्त्यांवरून फिरते. ती रक्तपिपासू आहे आणि बायकांना छळणाऱ्या पुरुषांच्या मागावर असते. एका लहान मुलाला ती अडवते आणि ‘तू चांगला मुलगा आहेस का?’ असे विचारते, तो प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. नंतर त्याच मुलाची चाकांची फळी घेऊन ती रस्त्यावरून घरंगळत जाते, चादर वाऱ्यावर पंखांसारखी पसरते आणि भीतीच्या जागी एकदम कौतुक वाटू लागते. रस्ता, चादर, फळी आणि एक शांत चेहरा, एवढेच सामान. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजार उठल्यानंतरचा रस्ता याहून कमी भयाण नसतो.

दुसरा ‘प्रिव्हेंज’ (2016). ॲलिस लो या ब्रिटिश अभिनेत्रीने तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली, आणि हे सर्व ती खरोखर गरोदर असताना. चित्रीकरण केवळ 11 दिवसांत झाले. नवरा गिर्यारोहणात दगावलेल्या एका बाईला तिच्या पोटातले मूल बोलून दाखवते की अमक्याला मार, तमक्याला मार. गरोदर बाईकडे कोणी संशयाने पाहत नाही, सगळे तिला बसायला जागा देतात आणि फुकटचा उपदेश करतात, यातूनच सगळा विनोद निर्माण होतो. ज्या बायकांनी स्वतः तो उपदेश ऐकून घेतला आहे, त्यांना हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. त्यात रक्तपात आहे, हे आधी सांगून ठेवतो. ‘टीथ’ (2007) याच जातीचा आणि फार धारदार आहे, पण त्याचा विषय शरीराशी इतका थेट संबंधित आहे की तो गटात न दाखवता प्रौढ प्रेक्षकांनी स्वतंत्रपणे पाहावा.

गोदातीर (पैठण) :

आपण दूरदूरचे चित्रपट शोधत आहोत, म्हणून आपल्या उंबऱ्याजवळचा एक नमुना पुढे ठेवतो. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेले ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड सर्वांना पाठ आहे. त्यातली सून भवानीकडे काय मागते, ते एकदा शांतपणे वाचावे : गावाला गेलेला सासरा तिकडेच संपावा, जाच करणारी सासू लवकर जावी, फटकळ जावेवर वैधव्य यावे, नणंदेच्या पोराला खरूज व्हावी, नवऱ्यातूनही सुटका व्हावी आणि शेवटी आपण एकटीच उरावे. यातला आध्यात्मिक अर्थ अर्थातच वेगळा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ज्या प्रेक्षकांत खऱ्याखुऱ्या सासुरवाशिणी बसलेल्या असत, त्या खळखळून हसताना केवळ विकारांच्या नाशासाठी हसत होत्या, असे मला वाटत नाही. ‘भूत जबर मोठे गं बाई’ हे भारूडही नाथांचेच, आणि त्यात तर भुताने झपाटल्याचा सगळा देखावा विनोदाने मांडून ते भूत म्हणजे पंढरीचा विठ्ठल निघते.

माझी सूचना अशी की, मुलींनी लघुपटासाठी पहिल्या भारुडातली सून घ्यावी. तिने नवस केला, रोडगा भाजला, आणि भवानीने खरोखरच एकेक मागणी मान्य करायला सुरुवात केली, तर त्या घरात काय होईल? चूल, ओसरी आणि चार पात्रे यांत ही गोष्ट पूर्ण होते.

फडकरी (बीड जिल्हा) :

गोदातीर दादा, ही सूचना मला फार आवडली. यावरून राहून गेलेला एक चित्रपट सांगतो, जो विनोदी नाही, तरी आपल्या गटाने केव्हातरी पाहावाच असे वाटते. विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ 2017 मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढे त्यांनीच त्यावर हिंदीत ‘छोरी’ (2021) केला. शहरातून उसाच्या फडात येऊन राहिलेली एक गरोदर बाई आणि जन्माआधी किंवा जन्मताच नाहीशा केलेल्या मुलींची ती गोष्ट आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या, आणि त्या वेळी आमच्याकडे गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणांनी सगळे हादरले होते. त्यामुळे तो चित्रपट पाहताना आमच्या भागातल्या बाईला ती परकी गोष्ट वाटत नाही. उभ्या उसात दोन सऱ्यांपलीकडचे दिसत नाही आणि पाचटाच्या सळसळीवरून कोण आले ते कळत नाही. दिग्दर्शकाने ही भीती जशीच्या तशी वापरली आहे. मात्र त्यात हसण्याला कुठेही जागा नाही, तेव्हा त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी. अन्विता दत्त यांचा ‘बुलबुल’ (2020) हाही तसाच गंभीर आहे. त्यात छळ सोसलेली जमीनदाराची बायको चुडेल होऊन बायकांना छळणाऱ्यांना संपवते, पण अत्याचाराचे एक दृश्य इतके लांबले आहे की ताईंनी घातलेल्या अटीत तो बसणार नाही.

तेरणा (धाराशिव) :

एक काळजीची गोष्ट नोंदवते. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांनी किती सोसले आहे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कधी त्रास होणाऱ्या बाईलाच मांत्रिकाच्या हवाली केले गेले, तर कधी एखाद्या एकट्या बाईवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढले गेले. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर. म्हणून पडद्यावरची हडळ आणि गावात हडळ म्हणून हिणवली गेलेली बाई यांतला फरक चर्चेत स्पष्ट बोलला गेला पाहिजे. मुलींच्या लघुपटातही देवऋषी आला, तर तो बाईचा तारणहार म्हणून येऊ नये. ‘स्त्री’ इथेही उपयोगी पडतो, कारण त्यात प्रश्न झाडफूक करून सुटत नाही. त्या बाईला प्रेम आणि मान हवा होता, हे गावाला समजून घ्यावे लागते.

मांजराकाठ (लातूर जिल्हा) :

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या बैठकीला ‘स्त्री’ आणि त्यानंतर नाथांचे भारूड गाऊन त्यावर चर्चा, असे आम्ही ठरवले आहे. भारूड गाणाऱ्या एक आजी आमच्याच गटात आहेत. तेरणाताईंचा मुद्दा मी स्वतः मांडेन. दोन शंका उरल्या आहेत. फारसी चित्रपटाची इंग्रजी सबटायटल आमच्यातल्या बहुतेक जणींना वाचता येणार नाहीत, त्याचे काय करावे? आणि घरच्या वर्गणीवर दिसणारा चित्रपट सभागृहात दाखवता येतो का?

रात्रीचा खेळ (नांदेड) :

ताई, त्या चित्रपटात संवाद फार थोडे आहेत. एखादीने तो आधी पाहून संवाद मराठीत उतरवून घ्यावेत आणि पडद्याशेजारी बसून हलक्या आवाजात वाचावेत. मूकपटांच्या काळात असा निवेदक असे आणि लोकांना ते आवडत असे. दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की, घरची वर्गणी ही घरात पाहण्यापुरतीच असते. सभागृहात दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहून परवानगी घ्यावी. पत्रात प्रवेश विनामूल्य आहे, किती जणी येणार आहेत आणि कोणत्या दिवशी दाखवायचा आहे, एवढे स्पष्ट लिहावे. छत्रपती संभाजीनगरला दरवर्षी अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. तिथल्या आयोजकांना अशा परवानग्यांची सवय असते, तेव्हा परदेशी चित्रपटासाठी कोणाशी बोलावे, हे त्यांना विचारायला हरकत नाही. मसुदा हवा असल्यास मी उद्या इथेच लिहून ठेवतो.