तरुणपणी काढलेले गायकांचे फोटो : निगेटिव्ह विकून टाकाव्यात का?

मिरज_१२०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा.

सत्तरच्या दशकात मी मिरजेत बँकेत नोकरीला होतो आणि पगारातला बराचसा भाग फोटोग्राफीत घालवायचो. सेकंडहँड यशिका मॅट कॅमेरा, ऑरवोचा रोल मिळाला तर ऑरवो नाहीतर उटीचा इंदू, आणि रात्री मोरीचं दार बंद करून डी-७६ डेव्हलपरमध्ये घरीच डेव्हलप करायचं. मिरजेचा उरूस ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चिंचेखाली रात्रभर गाणं चालतं, किराणा घराण्याची झाडून सगळी मंडळी तिथं हजेरी लावायची. भीमसेनजी, गंगूबाई हनगल, हिराबाई बडोदेकर, फिरोज दस्तूर, सगळ्यांचे फोटो मी काढलेत. फ्लॅश कधीच मारला नाही, असेल त्या बल्बच्या उजेडात काढायचे. शिवाय सांगलीतल्या मैफिलींतले आणि लोकांच्या घरी झालेल्या बैठकींतले कुमारजी (कुमार गंधर्व) आणि मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) पण आहेत. एक ट्रंक भरून निगेटिव्ह, आणि त्या वेळी केलेले थोडे प्रिंट.

आता मुंबईची एक पार्टी मागे लागलीय. सगळ्या निगेटिव्ह हक्कांसकट एकरकमी साठ हजाराला द्या म्हणतात, कागद पण तयार करून पाठवलाय. दुसरीकडं एका पुस्तकाच्या कव्हरसाठी एक फोटो मागितलाय, त्यांनी पैशाचं काही बोलले नाही, नाव छापू म्हणाले. मुलगी म्हणते ऑनलाइन फोटो एजन्सीवर टाका. पैसे नको आहेत असं अजिबात नाही, पेन्शनीत घर चालतं पण हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे.

मुख्य प्रश्न असा की हे फोटो विकायला मी मालक आहे का? माणसं त्यांची, गाणं त्यांचं, मी फक्त बटण दाबलेलं. आणि साठ हजार ठीक आहेत का? जाणकारांनी सांगावं.

---

डार्करूम

काका, विकायचं नंतर, आधी ट्रंक उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा बेस सडायला लागलाय, ॲसिटेट फिल्मला ते होतं, आणि ते ॲसिड आजूबाजूच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. तसल्या पट्ट्या ताबडतोब वेगळ्या करा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. पीव्हीसीचे जुने प्लास्टिक पाऊच असतील तर तेही काढा, पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह किंवा ॲसिड-फ्री कागदाची पाकिटं घ्या. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसू नका हो, चित्राचा जिलेटिनचा थर सुटून येतो आणि मग त्यावर काही इलाज नाही.

सिक्स बाय सिक्स, म्हणजे सहा सेंटिमीटर चौकोनी, निगेटिव्ह म्हणजे खजिना आहे. २४०० डीपीआयला साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन केलं तरी एका बाजूला पाच हजाराच्या वर पिक्सेल मिळतात, म्हणजे सतरा इंची प्रिंट आरामात निघते. १६ बिट टिफ फाइल ठेवा, जेपेग फक्त लोकांना दाखवायला. आणि प्लीज मूळ निगेटिव्ह कुणालाही "बघायला" म्हणून कुरिअर करू नका.

---

कलम_सतरा

वकिली करतो, कॉपीराइटचं काम बघतो, म्हणून उत्तर देतोय. तुमचा कागद मी पाहिलेला नाही त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

"फक्त बटण दाबलं" हे डोक्यातून काढा. १९५७ च्या कायद्यात फोटो काढणारा माणूस हाच त्या फोटोचा लेखक, म्हणजे कर्ता. तुम्ही बँकेत होता, फोटो स्वतःच्या हौसेनं स्वतःच्या रोलवर काढले, तेव्हा पहिले मालक तुम्हीच. रजिस्ट्रेशन केलेलं नसलं तरी हक्क असतो. मुदतीचं म्हणाल तर पूर्वी फोटोला वेगळा नियम होता, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, तो २०१२ च्या दुरुस्तीत काढून टाकला. आता तुमच्या हयातीत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं. म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत हे उत्पन्न जाऊ शकतं, आणि तेच ती पार्टी साठ हजारात मागतेय.

अपवाद एकच बघा, कुणी पैसे देऊन सांगितलं की या कार्यक्रमाचे फोटो काढ, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो काम सांगणारा. असं कुठलं काम केलं असेल तर ते रोल बाजूला काढा.

दुसरं, हक्क देणं हे लेखीच लागतं. नुसती निगेटिव्ह हातात दिली म्हणून कॉपीराइट जात नाही, पण निगेटिव्हच गेली तर तो कागदावरचा हक्क घेऊन काय करणार? करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तुम्हाला आलेल्या कागदात "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर" असे शब्द असणार, शोधा. आणि कलम ५७ खाली तुमचं नाव लावून घेण्याचा हक्क हा हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो, तेव्हा "नाव छापू" ही त्या पुस्तकवाल्यांची मेहेरबानी नाही, ते त्यांना छापावंच लागेल.

---

मिरज_१२०

@कलम_सतरा खूप खूप आभार. कागदात दोन्ही शब्द आहेत. आणि हो, १९७९ साली एका संस्थेनं तीन दिवसांच्या समारोहाचे फोटो काढायला पैसे दिले होते, ते रोल वेगळे आहेत, पाकिटावर लिहिलेलं आहे. @डार्करूम वास एका पुडक्याला येतोय, बाकीचं ठीक वाटतंय.

अजून एक विचारायचं राहिलं, गायकांच्या घरच्यांची परवानगी लागते का?

---

कलम_सतरा

पुस्तक, मासिक, लेख, प्रदर्शन यात भर सभेत गाताना काढलेला फोटो वापरायला सहसा अडचण येत नाही. जाहिरात, कॅलेंडर, मग, टी-शर्ट हा वेगळा मामला. हयात कलाकारांच्या बाबतीत कोर्टं आता फार कडक झालीत, २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अमिताभ बच्चन यांचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय वापरायला मनाई केली, नंतर अनिल कपूर वगैरे रांगच लागली. गेलेल्या व्यक्तीचा हा नाव-चेहऱ्यावरचा हक्क वारसांकडे जात नाही असं २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात त्याच कोर्टानं म्हटलंय. तरी माझा सल्ला, वस्तूंवर छापायचं असेल तर घरच्यांचं लेखी घ्या. आणि घरगुती बैठकीतले फोटो, कुणी आजारी असताना काढलेले, जेवताना काढलेले, ते विकायच्या आधी त्या घरात एक फोन करा. कायदा काही का म्हणेना, तुम्हाला विश्वासानं आत घेतलं होतं ना त्यांनी.

---

जुनाबाजार

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी जुने फोटो, कार्यक्रमपत्रिका, पोस्टर यांची खरेदी-विक्री करतो. सगळे इथं "विकू नका विकू नका" सांगणार, पण घरात ट्रंक पडून राहिली की पुढची पिढी रद्दीत घालते हे मी डोळ्यांनी बघितलंय. काचेच्या निगेटिव्ह धुवून त्यांच्या फ्रेमला काचा लावलेल्यासुद्धा बघितल्यात.

बाजारात संग्राहक पैसे मोजतो तो त्या काळात केलेल्या प्रिंटला. १९७४ चा फोटो १९७४ च्याच कागदावर, मागं तुमचा शिक्का किंवा पेनानं लिहिलेली तारीख, कलाकाराची सही असेल तर मग विचारूच नका. आज नवीन काढलेली प्रिंट वेगळी, तिची किंमत तुमच्या सहीवर आणि किती प्रती काढल्या यावर. तेव्हा जुन्या प्रिंट आणि निगेटिव्ह यांचा एकत्र व्यवहार कधी करू नका. जुन्या प्रिंटमध्ये एकाच फोटोच्या जोड प्रती असतील त्यातली एकेक विका, तो पैसा लगेच हातात येतो आणि हक्क कुठं जात नाही. परदेशी पाठवायचं असेल तरी पुरावस्तू कायद्याची भीती नाही, तो शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागतो.

फोटो एजन्सीवर टाकायला हरकत नाही पण फार आशा ठेवू नका, लाखो फोटोंत तुमचा कुणी शोधायचा तर खाली माहिती नीट भरलेली लागते.

---

अंक-सजावट

वरच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचंय. मी बरीच वर्षं दिवाळी अंक आणि संगीतावरच्या पुस्तकांची मांडणी करते. फोटोसाठी आम्ही नेहमी भिकेला लागलेलो असतो असं नाही, भीमसेनजींचे फोटो ढिगानं मिळतात. मिळत नाही ती माहिती. फोटो कुठला, कुठल्या साली, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागं तंबोरा घेऊन बसलेला तो पोरगा कोण. फोन करकरून जीव जातो आणि शेवटी "एका मैफिलीत" असं छापतो. गंगूबाईंच्या मागं साथीला गाणाऱ्या त्यांच्या कन्या कृष्णाबाई, तबल्यावर गंगूबाईंचे भाऊ शेषगिरी हनगल, या दोघांशिवाय ते गाणं उभं राहत नव्हतं आणि छापताना क्रॉप काय होतं तर तेच दोघं! कुमारजींबरोबर तबल्यावर वसंतराव आचरेकर, तीच गत. म्हणून काका माझं कळकळीचं सांगणं आहे, पूर्ण चौकोनी फ्रेमच द्या आणि करारात लिहा की विचारल्याशिवाय क्रॉप करायची नाही.

आणि तुमच्याकडं जे आहे ते साठ हजारवाल्यांकडं कधीच येणार नाही, तुम्ही तिथं बसलेला होता. त्यांच्या हातात निगेटिव्ह गेली की सहा महिन्यांत ती "जुना गायक, अज्ञात साथीदार" होते. ज्या फोटोखाली पूर्ण नावं, गाव आणि साल असतं त्याला आम्ही जास्त पैसे देतो, खरंच देतो, कारण आमचे आठवडे वाचतात.

कव्हरचं विचाराल तर फुकट अजिबात देऊ नका. पत्र असं लिहा की हा फोटो फक्त या पुस्तकाच्या मराठी छापील पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी, अमुक इतक्या प्रतींपर्यंत, एकदाच वापरायला देतो आहे, पुढची आवृत्ती, ई-बुक, दुसरी भाषा, जाहिरात यांचे पैसे वेगळे, आणि छायाचित्रकाराचं नाव श्रेयनामावलीत आणि मलपृष्ठावर. कव्हरला आतल्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त मागायचे असतात, लाजायचं नाही. आतल्या पानासाठी छोट्या अंकानं मागितला तर कमी घ्या, ते खरंच पदरमोड करून अंक काढतात. पण शून्य नको, शून्यानं दिलं की पुढच्या फोटोवाल्यालाही शून्यच मिळतं.

फोटोग्राफर सतीश पाकणीकरांचं काम बघा एकदा, एकेका कलाकाराचे फोटो नीट लावून, नीट छापून, कॅलेंडर आणि प्रदर्शनं करत त्यांनी लोकांना या फोटोंसाठी पैसे मोजायची सवय लावली. सांगली-मिरजेत असं झालं तर पहिली खरेदी माझी.

---

ठेका

मी इथं फक्त वाचायला येते, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. माझे आजोबा मिरजेत तबला वाजवायचे, मोठ्या गायकांचा ठरलेला तबलजी वेळेवर पोचला नाही की यांना निरोप यायचा. आमच्या घरात त्यांचा वाजवतानाचा एकही फोटो नाही, आहे तो लग्नातला आणि रेशनकार्डचा. काका, १९७६ च्या आसपासच्या उरुसाच्या रोलमध्ये टोपी घातलेले, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, डग्गा मांडीच्या जरा बाहेरच्या बाजूला ठेवून वाजवणारे कुणी दिसले तर मला मेसेज कराल का? प्रिंटचे जे होतील ते पैसे देईन, आणि फुकट मागत नाहीये हे मुद्दाम सांगते.

---

डार्करूम

@ठेका ताईसारख्यांसाठीच म्हणतो, काँटॅक्ट शीट काढा. प्रत्येक रोलची एक शीट, बारा फ्रेम एका कागदावर, मग नावं लिहायला जुन्या माणसांकडं तीच घेऊन जायची. सतारमेकर गल्लीत जा, तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांना तंबोऱ्यावरून सुद्धा मैफल ओळखता येते, हा कुणासाठी केला होता ते सांगतात. हे काम यावर्षी करा, सांगणारी माणसं फार राहिली नाहीत. प्रिंटच्या मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन नको.

---

अंक-सजावट

आणि मूळ निगेटिव्ह शेवटी कुठं ठेवायच्या याचा विचार आत्ताच करा. बंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, दिल्लीचं अल्काझी फाउंडेशन, मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), दिल्लीची संगीत नाटक अकादमी, यांना पत्र लिहून बघा, सोबत शंभर चांगल्या स्कॅनची यादी माहितीसकट. देतानाही वस्तू दिली पण कॉपीराइट माझ्याकडे असं लिहून घेता येतं. पैसे देतील न देतील, पण एसी खोलीत राहतील.

---

मिरज_१२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मुंबईच्या पार्टीला नाही म्हणून कळवलं. त्यांचा लगेच फोन आला, एक लाख देतो म्हणाले, मग मी मुदतीनं आणि फोटोगणिक देतो म्हटलं तर विचार करून सांगतो म्हणून ठेवून दिला. पुस्तकवाल्यांना @अंक-सजावट यांनी सांगितलं तसंच पत्र टाकलं, ते पैसे द्यायला तयार झालेत, आकड्यावर बोलणं चालू आहे. @जुनाबाजार, जुन्या प्रिंट मोजून घेतो, जोड असतील त्यातली एकेक तुम्हाला दाखवेन, ऑपरेशनच्या आधी तेवढं झालं तर बरं.

आंबूस पुडकं आज वेगळं काढलं आणि त्यातल्या पट्ट्या खिडकीशी धरून बघितल्या. हिराबाई आहेत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात मांडीवर, कुठं हातवारे नाहीत. पेटीवर कोण ते मला आठवतंय, तंबोऱ्यावरच्या दोघी मात्र अजिबात नाही.

@ठेका, ७५ ते ७७ चे उरुसाचे रोल आधी स्कॅनला देतो. टोपी-चष्मावाले दोन-तीन जण दिसतायत, निगेटिव्हवर चेहरा कळत नाही. आजोबा डावरे होते का उजवे तेवढं सांगा, आणि सांगली-मिरजेत सिक्स बाय सिक्स समोर बसून स्कॅन करून देणारा कुणी माहीत असेल तर त्याचा पत्ता इथं नको, मेसेजमध्ये पाठवा.