मदत हवी आहे: भिंतीवरच्या घड्याळाचं चाक कुठे कापून मिळेल?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या चावीच्या घड्याळाची स्प्रिंग तुटली आणि त्या झटक्यात एका पितळी चाकाचे दाते गेले. चाक ८० दात्यांचं, पिनियन (त्याच्याशी जुळणारं छोटं दातेरी चाक) ८ चं, केंद्रांतलं अंतर २२ मिमी. म्हणजे मोड्यूल (दात्याच्या मापाचा आकडा) ०.५. कुपवाड एमआयडीसीत इन्व्हॉल्यूट हॉबने (यंत्रांतल्या नेहमीच्या गिअरच्या आकाराचे दाते कापणारं फिरतं हत्यार) कापून देतो म्हणतात. पण मूळ दाते सायक्लॉइडल, म्हणजे घड्याळांत असतात तशा वेगळ्या वक्राचे आहेत. इथे मोठं चाक छोट्या पिनियनला पळवतं, त्यामुळे चुकीच्या आकाराचा दाता घासणार आणि लंबक थांबणार, ही धास्ती.

सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कोणाकडे सायक्लॉइडल कटर आहे का? की एकाच दात्याचा फ्लाय कटर घडवून डिव्हायडिंग हेडवर (चाक मोजून सारख्या भागांत फिरवणारं साधन) कापू? ४०:१ च्या हेडला (हँडलचे ४० फेरे म्हणजे चाकाचा एक) ८० दाते म्हणजे दर दात्याला हँडलचा अर्धा फेरा, तेवढं तरी सोपं! कटरचा आकार नेमका कसा तपासायचा, तेही सांगा. पिनियन शाबूत आहे, तो बदलायचा नाही.