वर्षानुवर्षं एकाच जोडीदारासोबत गाता-वाजवता? अनुभव सांगा

कणकवलीत वसंतराव आचरेकरांचं नाव निघालं की मागोमाग कुमार गंधर्वांचं येतंच. कुमारांच्या गाण्याला आचरेकरांचा तबला वर्षानुवर्षं होता. अशा जोड्या आपल्याकडे गावोगाव आहेत, फक्त मैफलीऐवजी देवळाच्या सभामंडपात. भजन, नमन-दशावतारासारखं कोकणातलं लोकनाट्य, काहीही चालेल. मात्र 'मनं जुळली' एवढ्यावर थांबू नका. पट्टी, पैसे, भांडणं, सगळं येऊ द्या.

कुडाळ, पखवाज
बुवांसोबत डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, मी विशीत बसायला लागलो. तेव्हा ते काळी चारात, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत गायचे, समोरच्या बुवांना घाम फुटायचा. साठीनंतर आवाज वर जाईना. पण सांगणार कोण? पेटीवाला गप्प, कोरस गप्प. मीही बोललो नाही. खालच्या पट्टीला, काळी दोनला लागणारा दुसरा पखवाज करून घेतला आणि तालमीला दोन्ही नेले. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, थोडीफार चढते-उतरते, पण एवढा फरक एकाच पखवाजात ओढला तर नाद मरतो. बुवांनी दोन्हींकडे बघितलं नि म्हणाले, "खालच्यान सुरू कर." त्या वर्षी गजर असे रंगले की विचारू नका!

गणपतीत हवा दमट, पुडी सारखी उतरते. भर कार्यक्रमात मी ठोकत बसलो की बुवा आपणहून लोकांना एखादी गोष्ट सांगत बसतात. मला घाई करत नाहीत. दुसऱ्या बुवांकडून बोलावणी आली तरी मी गेलो नाही, त्यामागे हे मोठं कारण.

गुहागर, नमन
मृदंगावर मी आणि धाकटा भाऊ. बांधावरून आमचं बोलणं बंद आहे. शिमगा आला की शेजारी बसतो, नुसत्या मानेच्या इशाऱ्यावर लय वाढवतो, उठलो की तो त्याच्या वाटेने, मी माझ्या. लोकांना वाटतं आता समेट होईल. नाही झाला. वाजवणं मात्र कधी बिघडलं नाही.

वेंगुर्ले, दशावतार
माझी पेटी, तो राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, संभाषण रंगमंचावर उभं राहतं. कुठल्या वाक्यानंतर तो पद उचलणार हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. दिवाळीनंतर सुरू झालेले प्रयोग पावसापर्यंत चालतात, रात्रभर जागरण, मग टेम्पोतून पुढचं गाव. त्या टेम्पोत आमचा नियम: झालेल्या प्रयोगाबद्दल बोलायचं नाही. चुका दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर.

रत्नागिरी, महिला भजनी मंडळ
आमचं भांडण मानधनाचं. पेटी माझी, दुरुस्ती माझ्या खर्चाने, वाटणी मात्र सारखी. शेवटी मैत्रिणीनेच सुचवलं: आधी पेटीचा हिस्सा बाजूला काढायचा, उरलेलं वाटायचं. वहीत लिहायला लागलो तेव्हापासून कुरबुर बंद.

डोंबिवली, मूळ गाव देवगड
वरच्या सगळ्यांचा हेवा वाटतो. माझा पेटीवाला गावी, मी इथे. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवून बघितलं. आवाज मागेपुढे होतो, ठेका जुळतच नाही. आता तो चाल वाजवून पाठवतो, मी त्यावर गाऊन परत पाठवतो. मग चतुर्थीला कोकण रेल्वेने उतरलो की थेट त्याच्या पडवीत. पहिल्या दिवशी हटकून घसरतं, आणि तो हटकून म्हणतो, "मुंबयची लय हंय चलाची नाय!"

कुडाळ, पखवाज (पुन्हा)
देवगडकर, चाल पाठवताना त्याला वाजवता वाजवता तोंडाने मात्राही मोजायला सांगा. आम्ही टाळेबंदीत तसंच केलं होतं.