फौजेतील फजिती : आपापले अनुभव लिहावेत

फौजेतील माणूस रजेवर आला की शौर्यकथा क्वचितच सांगतो. सांगतो त्या बहुतेक स्वतःच्या फजितीच्या असतात. म्हणून येथे तेवढ्याच लिहाव्यात. तैनातीची ठिकाणे आणि अधिकाऱ्यांची नावे कृपया टाळावीत. सुरुवात मीच करतो.

भरतीच्या दिवशी पहाटेच मी १६०० मीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत संपवली, दहा पुलअप्स काढले, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला आणि आता आपल्याला कोण अडवतो अशा तोऱ्यात छातीच्या मोजणीला उभा राहिलो. छाती किमान ७७ सेंटिमीटर हवी आणि श्वास भरल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर फुगायला हवी, हा नियम मला तोंडपाठ होता; पण गावातील एका माजी सैनिकाने ‘मोजताना छाती भरदार दिसू दे’ असे बजावल्यामुळे मी रांगेतच श्वास कोंडून ठेवला होता. टेप छातीभोवती आला, आकडा ८३ निघाला, तो लिहूनही झाला आणि हवालदार म्हणाले, “शाबास, अब फुलाओ.” फुगवायला आत जागाच उरली नव्हती. मी टाचा उंचावल्या, खांदे वर नेले, मान ताणली. टेप तसूभरही हलेना. तेवढ्यात खोकला आला आणि सर्वांच्या देखत छाती ७८वर उतरली. हवालदारांनी आधी टेपकडे, मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारले, “बेटा, भर्ती होने आया है या हवा भरवाने?” पहिला आकडा खोडून त्यांनी नव्याने मोजले, म्हणून माझी नोकरी झाली.

*

आमच्या तुकडीतील एकाचा ‘दाहिने मुड’ आणि ‘बाएँ मुड’ यांत नेहमी घोळ होई, म्हणून त्याने उजव्या मनगटाला दोरा बांधला. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी ‘पीछे मुड’ म्हटले आणि तो दोऱ्याकडे पाहत तसाच उभा राहिला.

*

मी अधिकारी होण्यासाठी एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला गेलो होतो. तेथे पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात आणि मग गटात चर्चा घडवतात. सर्वांना चित्रात आजारी मूल दिसले. मला शेळी दिसली. नेतृत्वगुण दाखवायचे म्हणजे माघार घ्यायची नाही, असा माझा समज असल्याने ती शेळीच आहे हे मी गटाला हिरिरीने पटवीत राहिलो. दोघांना पटलेही. संध्याकाळच्या आत आम्ही तिघेही परतीच्या गाडीत होतो.

*

पहिल्याच रात्रीच्या पहाऱ्यावर अंधारात पावले वाजली. मी नियमाप्रमाणे “थम! कौन आता है?” असे ओरडलो, समोरच्याने हात वर केले आणि पासवर्ड सांगितला. अडचण एवढीच होती की त्या रात्रीचा पासवर्ड मी स्वतःच विसरलो होतो, त्यामुळे त्याचे उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला माझ्याजवळ काहीच नव्हते. दहा मिनिटे मी त्याला तसेच उभे ठेवले. ते आमचे सुभेदारसाहेब निघाले. पुढचा आठवडाभर जो रगडा, म्हणजे घाम काढणारी शिक्षा, मिळाला, त्यात तो शब्द असा पाठ झाला की आजही झोपेत सांगेन.

*

माझे दोन्ही भाऊ सैन्यात; थोरला बर्फात, धाकटा वाळवंटात. परंतु पत्त्याच्या शेवटच्या ओळीत दोघांच्याही ‘५६ एपीओ’. हे लष्करी टपालाचे सांकेतिक ठिकाण आहे, हे आईला कोण सांगणार? तिच्या लेखी ते एक गाव होते, आणि एकाच गावात राहून भाऊ एकमेकांना भेटत नाहीत याचे तिला मनस्वी दुःख होते. एका दिवाळीला तिने लाडवांचा एकच डबा कापडात शिवून थोरल्याच्या नावे धाडला आणि आत चिठ्ठी ठेवली, ‘निम्मे धाकट्याला नेऊन दे, भांडू नका.’ थोरल्याने उलट टपाली ‘दिले’ असे कळवले. त्याच आठवड्यात धाकट्याचे पत्र आले, ‘यंदा लाडू केले नाहीत का?’