मदत हवी आहे: बेशुद्ध वडिलांच्या ऑपरेशनला सही कुणाची चालते?

आबांना लकवा येऊन २१ दिवस झाले, अजून शुद्ध नाही, कोल्हापुरातच ॲडमिट आहेत. पहिलं ऑपरेशन इमर्जन्सी म्हणून आईच्या सहीवर झालं. आता गळ्याला भोक पाडून नळी बसवायची म्हणतायत, आई आणि मी तयार आहोत पण पुण्याचा थोरला भाऊ लेखी विरोध देऊन गेलाय, म्हणून डॉक्टर कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. आबांच्या खात्याचं बँकेत विचारलं तर तिथला एकजण आबांचा अंगठा शाईत बुडवून उठवून आणा म्हणाला, बेशुद्ध माणसाचा, मला नाही पटलं ते. आबांनी आधी काही लिहून ठेवलेलं नाही. वकिलांना विचारलं, कोमातल्या माणसाला पालक नेमायला कायदा नाही, हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट (याचिका) करावी लागते म्हणाले. हायकोर्टाच्या इथल्या कोल्हापूर सर्किट बेंचला अशी रिट कुणी केलीय का, कागद काय लागले, आणि तोवर आईची एकटीची सही पुरेल का?