गळ्याची लोंबणारी कातडी, नेक लिफ्ट कुणी केलंय का इथे?

चहाबाज_ताई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको असं चाललेलं, आज विचारूनच टाकते. वय ५६, ठाण्यात राहते. शुगर निघाली म्हणून दीड वर्षात चालून-बिलून, भात सोडून २१ किलो वजन उतरवलं, सगळे कौतुक करतात पण गळ्याखालची कातडी लोंबतेय ती लोंबतेयच, आणि हनुवटीपासून खाली दोन दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात, बोलताना तर जास्तच. मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. परवा साडीच्या दुकानात त्या तीन बाजूंच्या आरशात स्वतःला साइडने बघितलं आणि मग साडीकडे लक्षच लागेना. एका क्लिनिकमध्ये चौकशी केली तर डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सेलर म्हणून एक मुलगी होती तिनेच दहा मिनिटांत पॅकेज सांगितलं, वर दिवाळीच्या आत बुकिंग केलंत तर डिस्काउंट. आमचे हे म्हणतात "चांगली दिसतेस की" आणि परत पेपरात तोंड. तर कुणी केलंय का, दुखतं किती, व्रण दिसतात का, लग्नापर्यंत नीट होईल का? प्लीज "वयाप्रमाणे राहावं" हे नका लिहू, ते सासूबाईंकडून ऐकून झालंय.

कोथरूडचा_काका
सिंहमुद्रा करा रोज १० वेळा. फुकट आहे. पैसे वर आलेत लोकांचे.

निवांत५८
काका तुमचं चालू द्या. ताई, मी केलंय, दोन वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, नेक लिफ्ट हे एकच एक ऑपरेशन नाहीये हे मला तिथे जाऊन कळलं. माझ्या डॉक्टरांनी मला खुर्चीत ताठ बसवलं, गळ्याची कातडी चिमटीत धरून सोडली, किती वेळात परत बसते ते बघितलं, मग म्हणाले दात दाखवून जोरात "ईऽऽ" करा. मला हसूच आलं, पण त्याने त्या दोऱ्या उठून दिसल्या. त्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिस्मा नावाच्या स्नायूच्या कडा, गळ्यावर पातळ चादरीसारखा असतो तो, वयाने मधे सैल पडतो. म्हणजे कुणाची नुसती चरबी असते तिथे लायपोसक्शनवर (नळीने चरबी ओढून काढणं) भागतं, कुणाचा स्नायू मधे शिवावा लागतो, कुणाची कातडीच जास्त असते ती कानामागून ओढून कापावी लागते, आणि कुणाची हनुवटीच मुळात मागे असते म्हणून गळा भरलेला वाटतो. तुमचं वजन उतरलंय म्हणजे कातडी आणि स्नायू दोन्ही असणार बहुतेक, पण ते हाताने तपासल्याशिवाय दहा मिनिटांत पॅकेज सांगणारी ती मुलगी नेमकं कसलं पॅकेज सांगत होती?

मला हनुवटीच्या खाली आडवा छोटा छेद आणि दोन्ही कानांभोवती फिरून मागे केसांत गेलेला छेद. पूर्ण भूल, तीनेक तास. कानामागे बारीक नळ्या होत्या त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. दुखणं म्हणाल तर मला गोळ्यांवर भागलं, पण आवळून बसलेलं वाटतं, कुणीतरी बंद गळ्याचा स्वेटर घट्ट घातलाय आणि काढूच देत नाहीये असं. डोकं उंच ठेवून झोपायचं, मान वळवायची तर खांद्यासकट वळायचं. हनुवटीखालचं काळंनिळं उतरून छातीपर्यंत आलेलं. दोन आठवडे मी भाजीवाल्यालाही तोंड दाखवलं नाही.

आणि हे कुणी सांगत नाही, कानाच्या पाळ्या बधिर होतात. माझी डावी पाळी जवळजवळ आठ महिने बधिर होती. एकदा कुडीची फिरकी इतकी आवळून लावली की संध्याकाळी मुलीला रक्त दिसलं, मला पत्ताच नाही.

व्रण हनुवटीखालचा शोधावा लागतो. कानामागचा वर्षभर जाडसर आणि काळपट होता, आपल्या रंगाला ते होतं. कान टोचल्यावर गाठ आली होती किंवा कुठल्या टाक्यांवर कातडी जाड उगवली असेल तर आधीच सांगा डॉक्टरांना. मला परत विचारलं तर करीन, पण कायमचं असतं असं समजू नका, वय काय थांबत नाही.

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ आहे, असल्या केसेसना भूल देते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. (काका, सिंहमुद्रेने कातडी आखडत नाही, आणि त्या दोऱ्या हा स्नायूच आहे, त्याला व्यायाम देऊन काय होणार.)

यात आम्ही घाबरतो ते कातडीखाली रक्त साठण्याला. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होतं. ज्यांचं बीपी चढतं त्यांना धोका जास्त, पुरुषांना बायकांपेक्षा जास्त. उलटी, खोकला, अगदी संडासला जोर लावणं, एवढ्यानेही बीपी उसळतं. एकच बाजू अचानक फुगली, टणक लागली, तिकडेच ठणका वाढला तर सकाळची वाट बघायची नाही, आणि श्वासाला जड वाटलं तर एक मिनिटही नाही. रक्त वेळेत काढलं तर निभावतं, नाहीतर वरची कातडी जाते किंवा श्वासनलिकेवर दाब येतो. म्हणून माझ्या मैत्रिणींनी विचारलं तर मी किंमत नंतर विचारा म्हणते, आधी विचारा की रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि तिथे रात्री ऑपरेशन थिएटर (ओटी) उघडू शकेल असा माणूस असतो का.

दुसरं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल वगैरे, स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्याने चालू केल्या त्यालाच विचारा. पण फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल हेसुद्धा सांगा, लोक "ते काय औषध आहे का" म्हणून सांगतच नाहीत. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) साधारण सात टक्क्यांच्या खाली असेल तर आम्ही निवांत.

आणि तंबाखू. बायकांना सिगारेट ओढता का विचारलं की नाही म्हणतात, मिश्री लावता का विचारलं की गप्प. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कानामागे ओढलेली कातडी रक्ताअभावी काळी पडून मरते. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा चालत नाही.

ओसरी
मी केलं नाही, बायकोसाठी सगळं फिरून आलोय त्यामुळे व्यवहाराचं लिहितो. आधी डिग्री बघा. एमबीबीएस, मग एमएस, मग एमसीएच प्लास्टिक सर्जरी, नाहीतर त्याच विषयातलं डीएनबी किंवा डीआरएनबी. कॉस्मेटॉलॉजिस्ट ही काही सर्जनची डिग्री नाही. रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा, मागितला म्हणून चिडणारा डॉक्टर असेल तर तिथूनच नमस्कार करा. मेडिक्लेम विसरा, सुंदर दिसण्यासाठीची सर्जरी पॉलिसीत वगळलेलीच असते. वर १८ टक्के जीएसटी, तो कोटेशनमध्ये धरलाय का विचारा, भूलतज्ज्ञाची फी, ओटी, तपासण्या, तो गळ्याला बांधायचा पट्टा हे धरलंय का विचारा, आणि सगळं लिहून घ्या.

आमच्या बाबतीत गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) तिसऱ्या डॉक्टरने तिला पाण्याचा घोट गिळायला लावला, तर घोटाबरोबर तो फुगवटा वर-खाली झाला. चरबी नव्हतीच, थायरॉइडला गाठ होती. साधी निघाली देवकृपेने. पण पहिल्या दोघांनी सरळ लायपोसक्शनचं कोटेशन दिलं होतं.

नुसत्या दोऱ्यांचाच त्रास असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने तीन-चार महिने सैल पडतात, अमेरिकेत २०२४ साली या कामासाठी रीतसर मंजुरीही मिळालीय त्याला. पण लोंबणारी कातडी त्याने वर जात नाही. मशीनने शेकून कातडी आवळतो म्हणणाऱ्यांचं पण तसंच, थोडी सैल असेल तर ठीक, २१ किलो उतरल्यावर त्यात पैसे घालू नका.

निवांत५८
ओसरींना मोदक. आणि ताई, वजन निदान सहा महिने एका जागी टिकलंय ना? अजून उतरत असेल तर करून परत लोंबेल.

चहाबाज_ताई
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. वजन गणपतीपासून तेवढंच आहे, म्हणजे दोन महिनेच झाले. घोट गिळून पाहिला, काही हलत नाहीये पण डॉक्टरांकडून बघून घेईन. आणि भूलवाली, तुम्ही मला कुठून बघितलंत? माझी मिश्री आहे हो. माहेरपासून, सकाळी एकदा, घरात फक्त ह्यांना माहितेय. काउन्सेलरने स्मोकिंगला नाही अशी टिकसुद्धा करून टाकली होती, विचारलंच नव्हतं.

भूलवाली
लपवून टेबलावर येऊ नका म्हणजे झालं. आता हिशोब करा, आज सोडलीत तरी ऑपरेशन डिसेंबरपर्यंत जातं, मग लग्नाला दोन महिने उरतात, त्यात सूज-बधिरपणा थोडा असणारच आणि तुमची धावपळ. लग्नाच्या तोंडावर मी तरी माझ्या बहिणीला करू दिलं नसतं. मे-जूनमध्ये बघा, तोपर्यंत वजनही स्थिरावेल.

चहाबाज_ताई
तसंच करते. ब्लाउज बंद गळ्याचं शिवायला टाकलंय, मुलगी म्हणते छानच दिसेल. आणि हो, आज मुद्दाम त्या क्लिनिकला फोन करून विचारलं की रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. ती मुलगी म्हणाली, "मॅम आमची हेल्पलाइन सकाळी दहाला चालू होते."