स्प्लाटून: कल्पना अफलातून, पण पहिल्या दिवशी डब्यात होतं काय?

शाईबहाद्दर
मे २०१५ मध्ये निन्टेंडोने आपल्या वी यू या गेम कन्सोलवर ‘स्प्लाटून’ हा शाई उडवायचा शूटर गेम आणला. चार विरुद्ध चार, तीन मिनिटांचा सामना, आणि कुणी किती जणांना टिपलं याला टर्फ वॉर या मुख्य प्रकारात गुण नाहीत. ज्यांच्या रंगाने जास्त जमीन माखली ते जिंकले. आपल्या शाईत स्क्विड (माकूळ) होऊन सुळकन पोहायचं, तिथेच शाई पुन्हा भरून घ्यायची, तिथेच दबा धरून बसायचं. समोरच्याच्या शाईत पाय पडला की चाल मंदावते. गोळी, रस्ता, आडोसा आणि गुण, सगळं त्या एका शाईत. शूटरमध्ये इतका नवा विचार त्या काळात मला तरी दुसरा दिसत नाही.

तरी समीक्षकांनी हात आखडता घेतला (परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर सरासरी १०० पैकी ८१), आणि माझ्या मते योग्य केलं. ६० डॉलर मोजून हातात पडले पाच नकाशे (सामन्याची मैदानं), तेही एका वेळी दोनच. ते बदलणार दर चार तासांनी. म्हणजे रात्री जेवून खेळायला बसलात की झोपेपर्यंत बहुधा तेच दोन. रँक्ड, म्हणजे क्रमवारीचे सामने, हवेत तर आधी दहावी लेव्हल गाठा. मित्रांचा खासगी सामना नाही. शस्त्र बदलायचं तर लॉबी (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा) सोडा आणि परत रांगेत लागा. उरलेलं बरंचसं ऑगस्टपर्यंत टप्प्याटप्प्याने आलं, फुकट आलं, कबूल. पण गुण हातातल्या गेमला द्यायचे की कंपनीच्या शब्दाला?

रोलरवाली
साफ असहमत. वी यू शेवटपर्यंत दीड कोटीही खपले नाहीत. एवढ्याशा गर्दीत पहिल्याच दिवशी सगळे मोड (खेळाचे प्रकार) आणि डझनभर नकाशे उघडले असते तर आठ जण जमायला किती ताटकळावं लागलं असतं? आदल्या वर्षीचा टायटनफॉल हा शूटर बघा. नवे नकाशे विकत, त्यामुळे घेतलेले एका बाजूला, न घेतलेले दुसऱ्या बाजूला. शेवटी ते फुकट करावेच लागले.

दुसरं म्हणजे तुम्ही नकाशे मोजताय, सामना नाही बघत. शेवटच्या मिनिटाला संगीत बदलतं. सगळे मध्यभागी एकमेकांवर तुटून पडलेले असतात. तेवढ्यात गेमपॅडच्या (हातातल्या कंट्रोलरच्या) पडद्यावरच्या नकाशात आपल्याच तळाजवळचा एक कोपरा कोरा दिसतो. रोलर (रंगाचा रूळ, तेही एक शस्त्रच) घेऊन तिकडे पळायचं. भिंती रंगवण्यात वेळ घालवायचा नाही, त्या मोजणीत धरत नाहीत. नेम अजिबात नसलेली व्यक्ती अशी हरलेली बाजी फिरवते. दहा नकाशांवर हेच दहा वेळा केलं की गेम दसपट चांगला होतो का?

चौकटराजा
रोलरवाली +१

शाईबहाद्दर
ताई, ‘गर्दी कमी होती’ हे कारण खरं मानलं तर २०१७ चा स्प्लाटून २ बघा. तो निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर, स्विचवर आला, पुढे ग्राहक कितीतरी पट झाले, आणि तरी एका वेळी दोनच नकाशे! फक्त चाराचे दोन तास झाले. सामन्यांच्या मध्ये शस्त्र बदलायची सोय तर थेट तिसऱ्या भागात, २०२२ ला. हे गर्दीचं गणित नाही, निन्टेंडोचा हेका आहे. पंगतीला बसवून भात आज, वरण पुढच्या महिन्यात वाढणारा यजमान कितीही प्रेमळ असला तरी पाहुणा पहिल्या दिवशी कोरडा भातच खातो, आणि समीक्षक हा त्या दिवशीचा पाहुणा.

जुनाखेळिया
वरणभातावरून भांडू नका. ‘माल कमी’ हा शिक्का सगळ्यांना सारखा लावता येत नाही एवढंच सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टार वॉर्स बॅटलफ्रंट हा शूटर आला. त्यात एकट्याने खेळायची मोहीम नाही, आणि वर ५० डॉलरचा सीझन पास (पुढे येणाऱ्या मालाचं आगाऊ तिकीट). तिथे राहिलेला माल पुन्हा गल्ल्यावर मांडला होता. स्प्लाटूनने नंतरचे नकाशे, शस्त्रं, टॉवर कंट्रोल आणि रेनमेकर हे खेळप्रकार, कशाचेच पैसे घेतले नाहीत. दोघांना एकच तक्रार, एकाच सुरात? समीक्षकांचं इथे चुकलं.

दोनमुलांचाबाप
खेळाडू म्हणून नाही, बाप म्हणून लिहितोय. स्प्लाटूनमध्ये व्हॉइस चॅट (खेळता खेळता एकमेकांशी बोलायची सोय) नाही म्हणून त्या वेळी केवढी ओरड झाली होती. आमच्या घरी त्याचंच सुख होतं. अनोळखी माणसाच्या शिव्या मुलांच्या कानावर पडत नव्हत्या. समीक्षक एकजात मोठी माणसं, त्यांना ही उणीव वाटणारच.

शाईबहाद्दर
अनोळखी लोकांशी नको, पण यादीतल्या मित्रांशी तरी? तेवढं दार उघडता आलं असतं की.

हिशेबनीस
एक मुद्दा सगळ्यांनीच सोडलाय. ८ एप्रिल २०२४ ला वी यूच्या ऑनलाइन सेवा बंद झाल्या. आता ती डिस्क लावून अधिकृतपणे खेळता येते मुख्यतः ऑक्टो व्हॅली, म्हणजे एकट्याची मोहीम. समीक्षकांनी ‘छान पण तोकडी’ म्हटलेली, तीच. नंतर आलेले फुकट नकाशे बघायला समोर माणूसच नाही. पहिल्या दिवशी डिस्कवर काय होतं हे मोजणारा समीक्षक त्यामुळे आज मला जास्त पटतो.

रोलरवाली
मग त्या न्यायाने प्रत्येक ऑनलाइन गेमला आधीच शून्य द्या. सर्व्हर आज ना उद्या सगळ्यांचेच बंद होणार. आणि ऑक्टो व्हॅली तोकडी म्हणणाऱ्यांनी मोहिमेतल्या शेवटच्या खलनायकाला, डीजे ऑक्टेव्हियोला, एकदा हरवून दाखवावं, मग बोलू.